उशाशी ठेवायला न सांडणारं भांडं: तुमच्याकडे काय वापरता?

मोगरी

आई ७९ वर्षांची आहे. तिचे हात थरथरतात (डॉक्टरांना दाखवलंय, पार्किन्सन्स नाही, औषध चालू आहे) आणि बोटांचे सांधेही आखडलेत. रात्री घशाला कोरड पडते म्हणून पाणी उशाशी लागतंच. पलंगाजवळच्या छोट्या टेबलावर चष्मा, कानाचं मशीन, गोळ्यांची डबी, मोबाइल आणि पाण्याचा पेला, सगळं दाटीवाटीने असतं. अंधारात चाचपडताना पेल्याला धक्का लागतो. कानाचं मशीन भिजेल याची काळजी आहेच, पण त्याहून जास्त भीती वाटते ती ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरेल याची.

बाटली तिला नको. झाकण फिरवायला बोटांत जोर नाही आणि मानही मागे जात नाही. लहान मुलांसारखा तोटीचा सिपर आणला, तर "मी काय कुकुलं बाळ आहे का?" म्हणून तिने तो कपाटात ठेवून दिला. शिवाय आयुष्यभर वरून पाणी प्यायलेली बाई. भांड्याला तोंड लावलं की उष्टं झालं, मग तेच भांडं रात्रभर कसं वापरायचं, हाही प्रश्न आहेच.

एका हाताने, न बघता पिता यावं, आडवं झालं तरी सगळं पाणी बाहेर येऊ नये, रोज नीट घासता यावं आणि दिसायला मोठ्या माणसाचं असावं, एवढं हवंय. घरात कुणी वापरत असाल तर सांगा.

देवराई

तांब्या-भांडं. भरलेला तांब्याचा तांब्या जड असतो, पोट रुंद असतं, सहज धक्क्याने कलंडत नाही. वर फुलपात्र पालथं घातलं की झाकणही झालं. फक्त सपाट बुडाचा घ्या. गोल बुडाचे काही तांबे डुगडुगतात.

निशाचर

देवराई +१. आमच्या आजोबांच्या उशाशी कायम असायचा.

कडुनिंब

तांब्या उत्तमच, पण इथे हात थरथरतात असं लिहिलंय. अंधारात एका हाताने तांब्या उचलायचा, दुसऱ्या हातात फुलपात्र धरायचं आणि ओतायचं! सांडण्याची संधी वाढली की कमी झाली? तांब्या कलंडणार नाही हे खरं, पण पाणी सांडतं ते ओतताना.

देवराई

बरोबर आहे तुमचं. मग फिरकीचा तांब्या? पूर्वी रेल्वेच्या प्रवासात नेत असत तो, पितळी, आट्यांच्या झाकणाचा. आडवा पडला तरी थेंब बाहेर येत नाही. पण फिरकी उघडायला पुन्हा बोटांत जोर लागणार. राहू दे, ह्या कामाचा नाही.

सई_न्यूजर्सी

३६० अंशांचे कप मिळतात त्यांचा अनुभव सांगते. कपाला तोटी नसते. वर सिलिकॉनची चकती घट्ट बसवलेली असते. काठाला कुठूनही ओठ लावून ओढलं की चकतीची कड तिथे उचलली जाते आणि पाणी येतं. ओढणं थांबलं की ती पुन्हा बंद. मंचकिन कंपनीचे लहान मुलांचे आहेत, आता मोठ्यांसाठीही तशा झाकणांचे मग मिळतात. पालथा केला तरी थेंब येत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ओढायला जोर लागतो, आणि दात नसतील किंवा रात्री कवळी काढून ठेवत असतील तर ते जमत नाही. उंचावरून फरशीवर पडला तर आतलं पाणी आपटतं, चकती उचलली जाते आणि थोडं पाणी बाहेर येतंच.

मोगरी

सई, कवळी आहे आणि रात्री ती काढते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घाटमाथा

स्ट्रॉचा झाकणवाला मग घ्या आणि प्रश्न मिटवा. मान वाकवायला नको, उचलायलाही नको. टेबलावर असतानाच पिता येतं.

पण त्यात गरम पाणी भरून घट्ट बंद करू नका. आतली हवा तापून फुगते, वाफही जमते, आणि त्या दाबाने पाणी स्ट्रॉतून वर चढतं. झाकण उघडलं की कारंजं! मुंबईहून खोपोलीमार्गे घाट चढून लोणावळ्यात आलो की मुलीच्या सिपरचं हेच होतं, तेही साध्या पाण्याने. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, बाटलीतला खालचाच राहतो. ज्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं त्यात हा त्रास नाही, पण मग आडवं पडल्यावर त्याच भोकातून ठिबकतं. दोन्ही एकदम मिळणं अवघड आहे.

सई_न्यूजर्सी

घाटमाथा म्हणतात ते दुकानात विचारून घ्यायला हवं. इकडे डब्यांवर दोन वेगळे दावे असतात. एक म्हणजे धक्क्याने हिंदकळलं तर बाहेर येणार नाही, आणि दुसरा म्हणजे उलटं करून पिशवीत टाकलं तरी गळणार नाही. गाडीत कॉफी न्यायचे सरकत्या झाकणाचे मग बहुतेक पहिल्या प्रकारचे असतात. लोक ते दुसऱ्या प्रकारचे समजून घेतात. उशाशी ठेवायला पहिला प्रकार पुरतो, फक्त तो न सांडणारा आहे असं समजून निर्धास्त राहू नये.

स्वरयंत्र

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्याइतकंच गिळण्याच्या तक्रारींवरही आम्ही काम करतो, म्हणून खरेदीआधी काही विचारते.

मोगरीताई, आई पाणी पिताना खोकतात का, ठसका लागतो का? प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होतो का? वारंवार छातीत कफ होतो का? यातलं काहीही असेल तर कप नंतर, आधी गिळण्याची तपासणी. पाणी सगळ्यात पातळ आणि म्हणून सगळ्यात अवघड असतं. घशात ते पटकन उतरतं, आणि गिळण्याची क्रिया मंद असेल तर अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. अशा माणसाला स्ट्रॉ धोक्याची ठरू शकते, कारण एका ओढीत किती पाणी आलं यावर ताबा राहत नाही.

ठसका लागत नसेल तर स्ट्रॉला हरकत नाही. पण एक नियम सगळ्यांसाठी: झोपल्या झोपल्या पिऊ नये. उठून बसायचं, पाठीला उशी, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकल्याने श्वासाची वाट उघडी पडते, तेव्हा आईंची मान मागे जात नाही याने एका अर्थी भलंच होतंय.

मोगरी

खूप आभार, स्वरयंत्र. ठसका लागत नाही, आवाजही बदलत नाही. झोपून मात्र पिते! कोपरावर जरा उठते आणि पिते. आजपासून तेही बघते.

पाटीलवाडा

आमचं कोल्हापुरात फर्निचरचं काम हाय. कप बदला, पण आदी ते टेबल बदला की. बाजारात मिळत्यात ती टेबलं वरनं गुळगुळीत, कडंला काय आडकायला न्हाई. आमी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीसाठी करतो तवा तिन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंचाची पट्टी मारतो, आन् एका कोपऱ्यात पेला बसंल यवढं गोल भोक पाडतो. पेला तितनं हलतच न्हाई. हात बी अंधारात बरोब्बर तितंच जातो. नवीन करायचं नसंल तर गाडीत लावायचा कप होल्डर पलंगाच्या कडंला स्क्रूनं बसवा. आन् वायरीचा बोर्ड टेबलाखाली फरशीवर आसंल तर भिंतीवर घ्या पयला.

मोगरी

पाटीलवाडा, एक्स्टेन्शन बोर्ड अगदी टेबलाखालीच आहे हो! वाचल्या वाचल्या उचलला.

कडुनिंब

पाटीलवाडा, शंभर नंबरी प्रतिसाद. आपण सगळे भांड्याच्या मागे लागलो होतो.

सिल्कबोर्ड_जंक्शन

बेंगळुरूत राहते, त्यामुळे डोळ्यासमोर डबरा-टंबलर आला. फिल्टर कॉफीचा पेला ज्या खोलगट उभ्या काठाच्या वाडग्यात ठेवतात तो डबरा. पेला डबऱ्यात ठेवा. रुंद डबऱ्यामुळे पेला सहज कलंडत नाही आणि हिंदकळलेलं पाणी डबऱ्यातच राहतं. स्टीलचा, घासायला सोपा, आणि लहान मुलांचा मुळीच वाटत नाही.

मनीचा_बाबा

आमच्याकडे प्रश्न मांजरीचा आहे. टेबलावर पेला दिसला की पंजाने ढकलत ढकलत कडेपर्यंत नेते आणि पाडते, आमच्याकडे बघत. चोषक बुडाचा मग आणला होता. तो काचेवर, सनमायकावर घट्ट बसतो, धक्का मारला तरी पडत नाही, सरळ वर उचलला की सुटतो. पण टेबलावर कापड असेल किंवा लाकूड खरबरीत असेल तर बुडाखाली हवा शिरते आणि काही उपयोग होत नाही. मोगरीताईंच्या टेबलावर टेबलक्लॉथ आहे का?

मोगरी

क्रोशाचा रुमाल आहे. आईने स्वतः विणलेला, तो काढायचा नाही.

मनीचा_बाबा

मग चोषक बाद. रुमाल महत्त्वाचा.

नदीकाठ

मांजर पेल्यात तोंडही घालते, म्हणून झाकण हवंच. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांचं काय? आमच्या म्हापशाच्या घरी बारा महिने मच्छरदाणी. पाण्यासाठी ती उचलली की डास आत. आम्ही भांडं मच्छरदाणीच्या आतच, उशीच्या बाजूला ठेवतो, त्यामुळे ते न गळणारंच लागतं. दाबून उघडायच्या झाकणाची स्टीलची लहान बाटली वापरतो. अंगठ्याने बटण दाबायचं की झालं.

निशाचर

मच्छरदाणीत पाण्याची बाटली, बॅटरी, रेडिओ आणि पुस्तक, असा संसार माझ्याही बाबांचा होता.

अर्धांगिनी

सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यावर सर्जिकलच्या दुकानातून फीडिंग कप आणला होता. चोचीचा, साधा प्लॅस्टिकचा, स्वस्त. पाजणाऱ्याच्या हातात असेल तर तो फार चांगला, धार बारीक ठेवता येते. पण आपापलं पिणाऱ्याच्या उशाशी ठेवला तर कलंडल्यावर चोचीतून सगळं पाणी जातं. तेव्हा मोगरी, तो घेऊ नकोस.

आणखी एक सांगते. सासरे खूप अभिमानी होते. चोचीचा कप बघितला की तोंड फिरवायचे. पाणी कमी पिऊ लागले, त्यातून लघवीचा संसर्ग झाला. भांडं कितीही सोयीचं असलं तरी माणसाला ते लाजिरवाणं वाटत असेल तर तो तहानलेला राहतो. आईने सिपर कपाटात ठेवला ते तिचं बरोबर आहे, तिला समजावत बसू नकोस.

बाळंतविडा

चोचीची गोष्ट निघाली म्हणून लिहिते. बाळाला दूध पाजायचं बोंडलं याच आकाराचं असतं, चांदीचं किंवा स्टीलचं. तमिळनाडूत त्यालाच पालाडै म्हणतात, आणि कमी वजनाच्या नवजात बाळांना पाजायला रुग्णालयांतही वापरतात. म्हणून चोच दिसली की आपल्या पिढ्यांना बाळच आठवतं. अर्धांगिनीताईंशी पूर्ण सहमत.

कोरा_कागद

मला कळत नाही, एवढा खल कशाला? बेल ठेवा, आईंनी वाजवावी, कुणीतरी उठून पाणी द्यावं. घरात माणसं आहेत ना?

अर्धांगिनी

रात्री तीन वाजता मुलीला उठवायला लागू नये म्हणून तर आया तहानलेल्या झोपतात. बेल ठेवून बघा, वाजणार नाही.

कोरा_कागद

हे मात्र खरं आहे. माझी आईही नाही वाजवणार.

तिढा

रात्री नेमकं किती पाणी पितात त्या? पेला काठोकाठ भरून ठेवायची आपल्याला सवय असते. घशाची कोरड घालवायला चार-पाच घोट लागतात, म्हणजे शंभर मिलीलीटरच्या आसपास. तीनशेच्या मगात शंभर-सव्वाशेच भरा. मग खालून जड राहतो, थरथरत्या हातात पाणी काठापर्यंत हिंदकळत नाही, आणि सांडलंच तर छोट्या फडक्याने पुसण्याइतकं सांडेल. टेबलाच्या खालच्या कप्प्यात झाकण लावून जादा पाणी ठेवा.

कडुनिंब

इतक्या प्रतिसादांत हे कुणाला कसं सुचलं नाही!

स्वरयंत्र

तिढा यांचं म्हणणं हातांच्या दृष्टीनेही योग्य आहे. काही जणांना जरा जड मग धरला की थरथर आटोक्यात वाटते, काहींना उलट लवकर थकवा येतो. विकत घेण्याआधी घरातला एक जड आणि एक हलका मग देऊन बघा. मोठा कान असावा, ज्यात चारही बोटं जातील. बोटांचे सांधे आखडलेल्यांना एका बोटाचा कान पकडता येत नाही.

कोरड कशाने पडते तेही डॉक्टरांना विचारा. तोंड उघडं ठेवून झोपल्याने पडते तशी काही औषधांनीही पडते.

वैद्यकीय_नाही

गोळ्यांची डबी उशाशी आहे म्हणून सांगतो. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी त्यात असेल तर ती घोटभर पाण्याने घ्यायची नसते. सकाळी उपाशीपोटी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. रात्रीचा मग त्या गोळीसाठी वापरू नका.

मोगरी

ती गोळी आहे, रविवारची. ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आता चहाआधी मीच देणार.

धुणीभांडी

स्ट्रॉ, चकत्या, रबरी कड्या, सगळं ठीक, पण धुणार कोण? झाकणातली रबरी कडी काढून कुणीच बघत नाही, तिच्या खाचेत काळी बुरशी धरते. सुटी न होणारी झाकणं घेऊच नका. स्ट्रॉसाठी लांब बारीक ब्रश लागतोच. रोज आतून फिरवा आणि मग स्ट्रॉ उभी वाळवा, ओली असताना झाकण लावून ठेवू नका.

बोअरचं पाणी असेल तर स्ट्रॉत आणि मगाच्या तळाला पांढरे क्षार बसतात. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून तासभर भिजवलं की सुटतात. सिलिकॉनला साबणाचा वास राहतो आणि मग पाण्याला चव येते असं म्हणतात माणसं, तेव्हा कमी साबण आणि भरपूर पाणी.

घाटमाथा

मोगरी, एक विचारू? आई नारळपाणी कसं पितात?

मोगरी

स्ट्रॉने! शहाळं आणलं की पहिला मान तिचा.

घाटमाथा

मग झालं की. शहाळ्याला स्ट्रॉ चालते, तर मगाला का नाही चालणार? त्याला बाळाचं भांडं कुणी म्हणत नाही.

सिल्कबोर्ड_जंक्शन

हे लाख बोललात!

मोगरी

सर्वांना काय ठरलं ते सांगते.

पाटीलवाडा यांचं ऐकून टेबलाला सुतारांकडून पट्टी मारून घेतली. रुमाल तसाच, फक्त चष्मा आणि मशीनच्या बाजूला. दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या काठाची स्टीलची खोलगट थाळी आणि तिच्या तळाला न घसरणाऱ्या रबरी जाळीचा तुकडा. त्यात मग. मग स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, चार बोटं जातील एवढ्या कानाचा. झाकणाला स्ट्रॉचं भोक आहे, पण झडप नाही, त्यामुळे ओढायला जोर लागत नाही. कवळी नसताना आईला हेच जमतं. ३६० चा मैत्रिणीकडून आणून दाखवला होता, त्यात तिला पाणी ओढताच येईना. मगात फक्त सव्वाशे मिली पाणी.

मुद्दाम आडवा पाडून बघितला. भोकातून ठिबकतं, पण हळूहळू, आणि सगळं थाळीत. झाकण अजून एकदाही सुटलं नाही.

उष्ट्याचा प्रश्न तिनेच सोडवला. "हा माझा. सकाळी घासून पालथा घालायचा, दुसऱ्या कुणी यात प्यायचं नाही," असं कामाच्या ताईंनाही सांगून ठेवलंय. स्ट्रॉबद्दल काही बोललीच नाही. शहाळ्याचा युक्तिवाद मला वापरावाही लागला नाही.

राहिली एक अडचण. उठून बसायचं ती विसरते. कोपरावर उठूनच पिते.

स्वरयंत्र

स्ट्रॉ जरा आखूड कापा. मग टेबलावर असताना स्ट्रॉ पडल्या पडल्या तोंडाला पोचता कामा नये. बसल्याशिवाय पिता आलं नाही की बसण्याची सवय लागते. शिवाय डोक्याकडची बाजू उशांनी थोडी उंचच ठेवा.

मोगरी

करते आजच. कापलेलं टोक टोचणार नाही ना?

धुणीभांडी

सिलिकॉनची असेल तर नाही टोचणार. स्टीलची असेल तर कापू नका, सिलिकॉनची वेगळी आणा.

सांजवात

उशिरा आले धाग्यावर. माझ्या वडिलांना पाण्याने ठसका लागतो आणि थेरपिस्टनी स्ट्रॉ बंद सांगितली आहे. मानही मागे न्यायची नाही. साध्या पेल्यात शेवटचे घोट घेताना काठ नाकाला लागतो आणि मान आपोआप मागे जाते. त्यांच्यासाठी काय?

स्वरयंत्र

नोझी कप. पेल्याच्या काठाला एका बाजूला नाकासाठी खोलगट खाच असते. खाच वर नाकाकडे ठेवायची आणि समोरच्या अखंड काठाने प्यायचं. पेला पूर्ण तिरका झाला तरी काठ नाकाला लागत नाही, हनुवटी खालीच राहते. तो उघडा असतो, तेव्हा उशाशी भरून ठेवू नका, कुणी सोबत असतानाच वापरा. पाणी घट्टसर करायला सांगितलं असेल तर रात्रीच्या पाण्यालाही तेच लागू. किती घट्ट ते तुमच्या थेरपिस्टनी ठरवून दिलेलंच ठेवा, अंदाजाने बदलू नका.

सांजवात

विकत मिळेपर्यंत घरी करता येईल का?

स्वरयंत्र

येईल. पारदर्शक, लवचीक प्लॅस्टिकचा पेला घ्या, म्हणजे पाणी कुठवर आलंय ते दिसतं. कडक, तडकणारा नको. कात्रीने अर्धगोल खाच कापा, पेल्याच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत. कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासा आणि बोट फिरवून बघा, कुठे खरबरीत लागत नाही ना. खाचेच्या खालीच पाणी भरायचं.

पाटीलवाडा

पॉलिश पेपर ४०० नंबरचा घ्या, पाणी लावून घासा. कड मऊ येती.